फाशीची शिक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या गाजलेल्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की पुढचे काही आठवडे वाचकांकडून जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही माहितीचे असतात, काही संतापाचे, आणि काहींत दोन्ही मिसळलेले असते. त्यांतले नेहमीचे प्रश्न पुढे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. लेखकाचे मत जिथे आहे तिथे ते लपवलेले नाही.

१. आपल्या कायद्यात नेमकी कोणकोणत्या गुन्ह्यांसाठी फाशी होऊ शकते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १०३ नुसार खुनासाठी फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, आणि जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने केलेल्या खुनाचाही याच कलमात स्वतंत्र उल्लेख आहे. याशिवाय देशाविरुद्ध युद्ध पुकारणे, मृत्यूस कारणीभूत ठरलेले दहशतवादी कृत्य, खुनासह दरोडा, खंडणीसाठी अपहरण, बारा वर्षांखालील मुलीवर बलात्कार आणि अठरा वर्षांखालील मुलीवर सामूहिक बलात्कार हे गुन्हे आहेत. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ही शिक्षा आली. संघटित गुन्ह्यात मृत्यू झाला असेल तर महाराष्ट्राच्या मकोका कायद्यातही तिची तरतूद आहे. मात्र कायद्याच्या पुस्तकातली यादी कितीही लांब असली, तरी प्रत्यक्षात फाशी सुनावली जाते ती मुख्यतः खून आणि बलात्कारासह खून या प्रकरणांत.

२. ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हे शब्द बातमीत नेहमी येतात. ते ठरवायचे कसे?

हे शब्द कायद्यातले नाहीत, न्यायालयाचे आहेत. १९५५ पर्यंत खुनाची स्वाभाविक शिक्षा फाशीच होती आणि ती द्यायची नसेल तर न्यायाधीशाला कारणे लिहावी लागत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते बंधन काढले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने बाजू पूर्ण उलटवली: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशीसाठी ‘विशेष कारणे’ लिहिणे सक्तीचे झाले. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३ मध्ये ही तरतूद तशीच आहे.

१९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशीची शिक्षा घटनात्मक ठरवली. त्याच निकालात असेही सांगितले की, दुसरा पर्याय निःसंशय बंद झाला असेल अशा दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच ती द्यावी. घटनापीठाचे प्रमुख होते मूळ पुण्याचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आणि विरोधी मत न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचे होते. ही शिक्षा कोणाला मिळेल हे न्यायपीठाच्या घडणीवर अवलंबून राहते, म्हणून ती मनमानी ठरते, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

हा आक्षेप पुढे खोटा ठरला असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. बच्चनसिंग निकालानुसार गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंचा विचार करावा लागतो: त्याचे वय, पार्श्वभूमी, मानसिक स्थिती, सुधारण्याची शक्यता. तरीही अनेक न्यायालयांनी केवळ गुन्ह्याचे क्रौर्य मोजले. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, १९९६ चा आपलाच एक निकाल आणि त्यावर विसंबून दिलेले काही पुढचे निकाल बच्चनसिंगच्या कसोटीशी विसंगत होते. ही कबुली येण्यापूर्वीच १९९६ च्या त्या निकालातील कैद्याला फाशी होऊन गेली होती.

३. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, गुन्हा सिद्ध झाला. मग लगेच अंमल का होत नाही?

कारण कायद्याच्या दृष्टीने ती शिक्षा त्या दिवशी अपुरीच असते. सत्र न्यायालयाला प्रकरणाची कागदपत्रे उच्च न्यायालयाकडे पाठवावीच लागतात आणि किमान दोन न्यायाधीशांच्या पीठाने शिक्षा कायम केल्याशिवाय ती अमलात आणता येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी हे टळत नाही (प्रश्न १७ पाहा). त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, जिथे अशी प्रकरणे तीन न्यायाधीशांपुढे चालतात. मग पुनर्विलोकन याचिका, जिची सुनावणी २०१४ च्या निर्णयापासून खुल्या न्यायालयात होते. मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकन फेटाळल्यावर त्याच न्यायालयात चूक सुधारण्याची शेवटची विनंती, आणि दयेचा अर्ज.

‘फाशी झाली’ आणि ‘फाशी सुनावली’ यांतला फरक आपली वृत्तपत्रेही पाळत नाहीत, आणि अर्धा गैरसमज तिथून सुरू होतो. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर मरेपर्यंतच्या जन्मठेपेत केले. वरच्या न्यायालयात शिक्षा बदलणे किंवा आरोपी सुटणे हे अपवादाने घडत नाही. सत्र न्यायालयांनी सुनावलेल्या फाशींपैकी अगदी थोड्याच शेवटपर्यंत टिकतात.

४. गेल्या पंचवीस वर्षांत देशात प्रत्यक्ष किती जणांना फाशी झाली?

२००० नंतर आठ जणांना. ऑगस्ट २००४ मध्ये कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात एकाला, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात अजमल कसाबला, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरूला, ३० जुलै २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला, आणि २० मार्च २०२० रोजी दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणातील चौघांना तिहारमध्ये. याच काळात देशभरातली सत्र न्यायालये दरवर्षी कितीतरी जणांना फाशी सुनावत राहिली. आजघडीला या शिक्षेच्या छायेत असलेल्या कैद्यांची संख्या पाचशेहून अधिक आहे.

महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोन कारागृहांत आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये आणि जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या मारेकऱ्यांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यातच फाशी झाली.

५. दयेचा अर्ज राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने मान्य किंवा अमान्य करतात का?

नाही. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींना आणि कलम १६१ खाली राज्यपालांना हा अधिकार आहे, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो. राष्ट्रपती फाइल फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, किंवा नुसती ठेवून देऊ शकतात. पूर्वी यासाठी मुदतच नव्हती, त्यामुळे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने प्रथमच कालमर्यादा घातल्या: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कैद्याला कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, आणि राज्यपालांनी तो फेटाळल्यास साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे जायचे. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, हे मात्र त्यात नाही.

जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना तिसाहून अधिक कैद्यांच्या फाशीचे जन्मठेपेत रूपांतर झाले आणि त्यावरून त्यांच्यावर व्यक्तिशः टीका झाली. ती टीका करताना सल्ला कोणाचा होता हे बहुतेकांनी पाहिले नाही.

६. राष्ट्रपतींनीही अर्ज फेटाळला, तरी कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या बहिणींची फाशी रद्द झाली. हे कसे शक्य आहे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आणि सर्वाधिक रागाने विचारला जातो. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी एकाच निकालाने जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावर सरकारने केलेला अकारण, दीर्घ विलंब ही स्वतंत्र यातना आहे आणि ती जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग करते, असे त्यामागचे तत्त्व आहे. अर्ज फेटाळल्याचे कळवल्यानंतर फाशीपूर्वी किमान चौदा दिवस मिळाले पाहिजेत, हेही त्याच निकालाने ठरवले.

कोल्हापूरच्या त्या दोघींची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला सुमारे आठ वर्षे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. त्याआधी, जुलै २०१९ मध्ये, पुण्यातील बीपीओ कर्मचारी महिलेवरील बलात्कार आणि खुनाच्या २००७ च्या प्रकरणातही हेच झाले. तिथे तर दयेचा अर्ज फेटाळल्यावरही अंमलाचे वॉरंट वेळेत निघाले नाही. उच्च न्यायालयाने पस्तीस वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

या दोन्ही निकालांत न्यायालयाने गुन्हा सौम्य मानलेला नाही, हे निकालपत्रे वाचल्यास स्पष्ट दिसते. फाइल टेबलावरून टेबलावर सरकवणारी यंत्रणा मात्र दोन्हीकडे एकच होती, आणि राग धरायचाच असेल तर तो तिच्यावर धरणे अधिक न्याय्य आहे.

७. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षेच ना? मग खुनी बाहेर येऊन मोकळा फिरणार.

नाही. जन्मठेप म्हणजे नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत कैद. गांधीहत्या खटल्यातील गोपाळ विनायक गोडसे याने आपली शिक्षा पुरी झाल्याचा दावा केला, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. चौदा वर्षांचा आकडा वेगळ्या कारणाने आला आहे: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी सरकारला शिक्षामाफी देऊन कैद्याला सोडता येत नाही. चौदाव्या वर्षी फार तर सुटकेचा विचार सुरू होऊ शकतो. सुटका हा हक्क नव्हे.

२००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून न्यायालये पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत शिक्षामाफी न देण्याची अट घालू शकतात आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्याला मान्यता दिली. फाशी आणि ‘चौदा वर्षे’ यांमधली रिकामी जागा त्यामुळे भरली गेली आहे. फाशीवरचा वाद मात्र अजूनही बऱ्याचदा हे दोनच पर्याय आहेत असे समजून घातला जातो.

८. फाशीचा धाक नसेल तर गुन्हे वाढणार नाहीत का?

धाकाचा युक्तिवाद ऐकायला सहज पटतो, सिद्ध करायला कठीण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तीन दशकांच्या अभ्यासांची छाननी केली आणि फाशीमुळे खून कमी होतात की वाढतात की काहीच होत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे २००४ ते २०१२ या आठ वर्षांत एकही फाशी झाली नाही, आणि लोकसंख्येच्या तुलनेत खुनांचे प्रमाण १९९० च्या दशकापेक्षा घटलेलेच राहिले. यावरून फाशी नसल्यामुळे खून घटले असे म्हणणेही चूकच होईल. दोन्ही बाजूंनी इथे जपून बोलायला हवे.

एक धोका मात्र बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत काम करणारे लोक सातत्याने सांगतात. अशा गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा असतो. तक्रार केली तर काका किंवा शेजारी फासावर जाईल, या विचाराने कुटुंब गप्प बसण्याची शक्यता वाढते. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर साक्षीदार जिवंत न ठेवण्याचा मोहही वाढतो.

९. इतक्या पायऱ्या असताना निर्दोष माणूस फासावर जाणे शक्य आहे का?

महाराष्ट्रातली तीन प्रकरणे पाहावीत. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात झालेल्या हत्या आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यांतल्या तिघांची फाशी उच्च न्यायालयाने कमी केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि खऱ्या गुन्हेगारांचा तपासच झाला नाही, असे ताशेरे ओढले. सर्व पायऱ्या पार करूनही चूक टिकून राहिली होती. ती उघड होण्याइतका वेळ मिळाला, हाच काय तो फरक.

दुसरे प्रकरण १९९४ च्या पुण्यातील सात जणांच्या हत्येचे. त्यातील एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केले की, गुन्ह्याच्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढली होती.

तिसरे मुंबईच्या २००६ च्या लोकल रेल्वे बॉम्बस्फोटांचे. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा अंतरिम आदेश झाला. त्यामुळे हे प्रकरण अंतिम मानता येत नाही. पण फाशी सुनावलेल्या पाचांपैकी एकाचा कोठडीतच २०२१ मध्ये मृत्यू झाला होता. निर्दोष ठरल्याचे त्याला कळलेच नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्या वादातला सर्वांत जड मुद्दा हाच आहे. बाकीच्या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी तोलून बोलता येते. या मुद्द्यावर मला समर्थकांकडून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

१०. फाशी फक्त गरिबांनाच होते, हे खरे का?

‘फक्त’ म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण कल तसाच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील होते. कारण सरळ आहे: खटल्याची दिशा सत्र न्यायालयात ठरते, आणि तिथेच गरीब आरोपीला अनुभवी वकील मिळत नाही. शिक्षेवरची सुनावणी तर अनेकदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच उरकली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या मनोज निकालाने आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक तपासणी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती आधीच मिळवणे बंधनकारक केले. त्याच वर्षी हा संपूर्ण विषय घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

११. मानवाधिकार गुन्हेगारांनाच का? ज्यांची मुलगी गेली त्यांचे काय?

हा प्रश्न टाळणाऱ्या फाशीच्या विरोधकांनी आपली बाजूच कमकुवत केली आहे. मुलीच्या मारेकऱ्याला फाशी मागणारे आईवडील सूडबुद्धीचे असतात असे म्हणणे उद्धटपणाचे आहे. समाजाने त्यांच्या हानीची दखल किती गांभीर्याने घेतली, हे मोजायला त्यांच्या हाती शिक्षेशिवाय दुसरे माप दिलेलेच नसते. खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली, तेव्हा दलित समाजात जी अस्वस्थता पसरली, तिच्यामागे शिक्षा कमी झाल्याइतकेच, किंबहुना अधिक, या हत्याकांडामागची जात न्यायालयाने नाकारल्याचे दुःख होते.

त्याच कुटुंबांना सत्र न्यायालयातली फाशीची घोषणा मिळते आणि पुढे दहा-पंधरा वर्षे प्रत्येक सुनावणीला जखम नव्याने उघडते. पुनर्वसन, नुकसानभरपाई, साक्षीदारांचे संरक्षण आणि वेळेत होणारा तपास यांची मागणी मोर्चांच्या फलकांवर क्वचितच दिसते. या गोष्टी फाशी असली काय नि नसली काय, दोन्ही वेळी लागणारच आहेत.

१२. बाबासाहेब आंबेडकर फाशीच्या बाजूने होते की विरोधात?

विरोधात. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा सुरू असताना त्यांनी सांगितले की, त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ, कारण हा देश मोठ्या प्रमाणावर अहिंसेचे तत्त्व मानतो. राज्यघटनेत मात्र तशी तरतूद झाली नाही. त्यांचे हे मत आणि खैरलांजीनंतरची मागणी (प्रश्न ११) एकमेकांसमोर ठेवली, तर वाद किती अवघड आहे ते कळते.

१३. कायद्यातच ‘फाशीच द्यावी’ असे लिहिले तर मनमानी संपेल ना?

तसे प्रयोग झाले आणि फसले. जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने खून केल्यास सक्तीची फाशी देणारे दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू खटल्यात घटनाबाह्य ठरवले. अमली पदार्थांच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठीची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ऐच्छिक ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाच तसा दुरुस्त केला. प्रत्येक गुन्हेगाराचा स्वतंत्र विचार नाकारणारी शिक्षा आपल्या घटनेत बसत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले, बलात्काराच्या गुन्ह्यांसाठी फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयकही लागू होऊ शकले नाही, कारण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

१४. मग हैदराबादसारखा एन्काउंटर बरा नव्हे का?

बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, त्या डिसेंबर २०१९ मधल्या चकमकीची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने केली. त्याचे अध्यक्ष होते नागपूरचे माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ च्या अहवालात आयोगाने पोलिसांची हकिकत अविश्वसनीय ठरवली, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला असे म्हटले, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला. प्रश्न ९ मधली चूक निदान कागदावर सापडली. इथे सापडूनही उपयोग नव्हता.

१५. कोणाला फाशी देताच येत नाही?

गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या व्यक्तीला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवता येतो, पण फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. शिक्षा झालेली स्त्री गर्भवती असेल तर उच्च न्यायालयाने फाशीचे जन्मठेपेत रूपांतर करायलाच हवे. शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडलेल्या कैद्यालाही सवलत मिळू शकते. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातील अशा एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नाव गोपनीय ठेवून रद्द केली. वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही.

१६. भारत ही शिक्षा रद्द करण्याच्या दिशेने चालला आहे का?

कायदा एका दिशेने चालला आहे आणि अंमल दुसऱ्या. विधी आयोगाने १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात फाशी ठेवावी असे सुचवले. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. हा अहवाल याकूब मेमनच्या फाशीनंतर सुमारे महिन्याभराने आला. संसदेने मात्र २०१३, २०१८ आणि २०१९ मध्ये फाशीच्या गुन्ह्यांची यादी वाढवली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २००७ पासून येणाऱ्या स्थगितीच्या ठरावांविरुद्धही भारत मतदान करत आला आहे.

जगातील दोन तृतीयांशांहून अधिक देशांनी कायद्याने किंवा व्यवहारात ही शिक्षा सोडली आहे. जाता जाता एक नोंद: गोव्यावर तेव्हा ज्यांची सत्ता होती त्या पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी ती १८६७ मध्येच रद्द केली होती.

१७. गुन्हेगार स्वतःच म्हणत असेल की मला फाशी द्या, तर?

तरीही उच्च न्यायालयाची पुष्टी लागतेच, पुरावा नव्याने तपासला जातोच, आणि त्याला वकील नको असला तरी न्यायालय एक नेमते. शिक्षा ही सरकार आणि आरोपी यांच्यातला परस्पर संमतीचा करार नसल्याने त्याची इच्छा निर्णायक ठरत नाही. दयेचा अर्जही त्याच्या वतीने नातेवाइकांना करता येतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्याकडचेच आहे. नथुराम गोडसेने सिमल्याच्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयात खुनाच्या दोषसिद्धीला किंवा फाशीला आव्हान दिले नाही, फक्त कट सिद्ध झाल्याच्या निष्कर्षाला दिले. तरी न्यायालयाने शिक्षेच्या पुष्टीचा स्वतंत्र विचार केला. नथुराम आणि नारायण आपटे यांना फाशी देऊ नये, अशी विनंती गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी केली. सरकारने ती मान्य केली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली.